वस्त्र कोण वाचते? : शालीन फॅशनच्या वादाविषयी काही आक्षेप

जानेवारी २०१६ मध्ये दोल्चे अँड गब्बाना या इटालियन फॅशनगृहाने हिजाब आणि अबाया यांची आपली पहिली मालिका जाहीर केली. त्याच सुमारास मार्क्स अँड स्पेन्सर या ब्रिटिश दुकानसाखळीने चेहरा, हात आणि पावले वगळता सर्व अंग झाकणारा पोहण्याचा पोशाख विक्रीस ठेवला. युनिक्लो ही जपानी कंपनी तर हाना ताजिमा या ब्रिटिश डिझायनरच्या नावाने सैल झगे आणि शिरोवस्त्रे आधीपासूनच विकत होती. व्यापाराच्या भाषेत या साऱ्याला 'मॉडेस्ट फॅशन' म्हणतात. मराठीत आपण शालीन फॅशन म्हणू. या शब्दाकडे पुढे यायचेच आहे.

मार्च संपता संपता फ्रान्समध्ये वाद पेटला. स्त्रियांच्या हक्कांचे खाते सांभाळणाऱ्या मंत्री लोरांस रोसिन्योल यांनी ३० मार्च रोजी एका मुलाखतीत स्वेच्छेने डोके झाकणाऱ्या स्त्रियांची तुलना गुलामगिरीचे समर्थन करणाऱ्या अमेरिकेतील कृष्णवर्णीयांशी केली. ती करताना वापरलेला हीन वंशवाचक शब्द चुकला असे त्या पुढे म्हणाल्या, तुलना मात्र त्यांनी मागे घेतली नाही. इव्ह सँ लोराँ यांचे आयुष्यभराचे भागीदार प्येर बेर्जे यांनी, अशा वस्त्रांवर पैसा मिळवणारे डिझायनर स्त्रियांना लपवणाऱ्या हुकूमशाहीचे साथीदार होत आहेत, असा आरोप केला. काही दिवसांतच तत्त्वचिंतक एलिझाबेथ बादँतेर यांनी या कंपन्यांवर बहिष्कार टाकण्याचे आवाहन केले. येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. बादँतेर या पब्लिसिस या बलाढ्य जाहिरात-समूहाच्या संस्थापकाच्या कन्या आणि त्या वेळी त्याच्या पर्यवेक्षक मंडळाच्या अध्यक्ष होत्या. बेर्जे यांच्या संग्रहातून माराकेशच्या माजोरेल बागेत २०११ साली जे संग्रहालय उभे राहिले, त्यात बर्बर स्त्रियांचे पूर्ण वेश आणि अलंकार काचेमागे मांडलेले आहेत. हे व्यक्तिगत उणेदुणे काढण्यासाठी सांगत नाही. काचेमागचे वस्त्र वारसा ठरते आणि दुकानाच्या काचेमागचे वस्त्र गुन्हा ठरते, तेव्हा वाद वस्त्राविषयी आहे की काचेविषयी, हा प्रश्न विचारावा लागतो.

या वादाची आपल्या चर्चासत्रांतून आणि पदव्युत्तर वर्गांतून जी पडसादरूप चर्चा होते, तिच्यात दोन प्रतिक्रिया हमखास ऐकू येतात. पहिली म्हणते : हे वस्त्र दास्याचे चिन्ह आहे, बाजाराने त्याला सुंदर केले म्हणून दास्य संपत नाही. दुसरी, जी स्वतःला अधिक अद्ययावत समजते, ती म्हणते : हे वस्त्र विकत घेणारी स्त्री आपली ओळख स्वतः घडवते आहे, तिची खरेदी हाच एक प्रतिकार आहे. या दोन्ही प्रतिक्रियांत विरोध दिसतो त्याहून पुष्कळ अधिक एकमत आहे, असे माझे प्रतिपादन आहे. वस्त्राला एकच अर्थ असतो, तो दुरून वाचता येतो आणि वाचताना ते नेसणारीला काही विचारावे लागत नाही, यावर दोघांचेही एकमत आहे. साहित्यसमीक्षेचा या वादाशी संबंध येथे येतो. वाचन म्हणजे काय, याविषयी ज्यांनी इतरांना शिकवायचे तेच येथे सर्वांत भाबडे वाचक झाले आहेत.

पहिल्या प्रतिक्रियेचे उगमस्थान फ्रान्समध्ये असल्याने तिच्यात एक विलक्षण विसंगती आहे. चिन्हमीमांसा आपण ज्यांच्याकडून शिकलो त्यांत रोलाँ बार्थ प्रमुख. १९५७ च्या 'मिथॉलॉजीज' मध्ये त्यांनी एका साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावरील सलाम करणाऱ्या कृष्णवर्णीय सैनिकाच्या छायाचित्राचे जे विश्लेषण केले, ते आपण वर्षानुवर्षे शिकवत आलो आहोत. मात्र १९६७ च्या त्यांच्या फॅशनविषयक ग्रंथातील एक मूलभूत सावधगिरी आपण शिकवत नाही. बार्थ यांनी तेथे कपड्यांचा अभ्यास केलेला नाही. फॅशनच्या मासिकांत कपड्यांविषयी छापलेल्या मजकुराचा केला आहे. छायाचित्रातले वस्त्र, शब्दांतले वस्त्र आणि अंगावरचे वस्त्र हे तीन वेगळे विषय आहेत, असे सांगून त्यांनी आपले क्षेत्र दुसऱ्यापुरते आखून घेतले. अंगावरच्या वस्त्राची संहिता छापील ओळीसारखी वाचता येत नाही, कारण तिला एक जिवंत नेसणारी असते आणि ती बोलू शकते. ज्या देशाने ही सावधगिरी दिली त्याच देशात मंत्री, महापौर आणि मुख्याध्यापक अंगावरचे वस्त्र मासिकातल्या ओळीसारखे वाचू लागले आहेत.

मुख्याध्यापकाचे वाचन पाहण्यासारखे आहे. १९८९ साली क्रेय येथील तीन विद्यार्थिनींच्या शिरोवस्त्रांवरून सुरू झालेला वाद २००४ च्या कायद्याने शासनाच्या बाजूने मिटवला. सरकारी शाळांत धार्मिक संबंध ठळकपणे प्रकट करणारी चिन्हे आणि वेश यांना या कायद्याने बंदी केली. शिरोवस्त्र, यहुदी टोपी आणि उघड मोठ्या आकाराचा क्रूस ही उदाहरणे परिपत्रकात होती, आणि तेथवर वाचनाचा प्रश्न तुलनेने सोपा होता. परंतु चिन्ह ही अशी वस्तू आहे की तिच्यावर कुंपण घातले की ती शेजारच्या वस्तूत शिरते. २०१५ साली शार्लव्हिल-मेझिएर या गावात पंधरा वर्षांच्या एका मुस्लिम मुलीला लांब काळा स्कर्ट नेसल्याबद्दल वर्गात येऊ दिले नाही. शिरोवस्त्र ती शाळेबाहेरच काढत असे. उरला तो केवळ स्कर्ट. ऑगस्ट २०२३ मध्ये शिक्षणमंत्री गाब्रिएल आताल यांनी अबायावर बंदी जाहीर केली. वर्गात शिरल्यावर विद्यार्थ्याकडे नुसते पाहून त्याचा धर्म ओळखता येऊ नये, असे त्यांचे समर्थन होते. फ्रान्समधील मुस्लिमांच्या प्रातिनिधिक परिषदेने अबाया हे धार्मिक वस्त्र नव्हेच, असे सांगून पाहिले. त्याचा उपयोग झाला नाही.

आता शाळेच्या फाटकावर काय होते? घोट्यापर्यंत पोचणारा, बाह्या असलेला, साधा सैल झगा. तो एकीच्या अंगावर झगा असतो आणि दुसरीच्या अंगावर अबाया होतो. दोघींनी तो एकाच दुकानातून घेतलेला असू शकतो. फरक कापडात नाही, बेतण्यात नाही, शिवणीत नाही. तो नेसणारीच्या नावात आहे. म्हणजे संहिता वाचण्याआधी लेखकाचे नाव पाहायचे आणि नावावरून संहितेचा अर्थ ठरवायचा. साहित्यसमीक्षेत ही पद्धत आपण केव्हाच हद्दपार केली असा आपला समज आहे. ती हद्दपार झालेली नाही. तिने केवळ नोकरी बदलली आणि ती शिक्षणखात्यात रुजू झाली.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. फ्रान्सच्या राज्य परिषदेने, म्हणजे तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठाने, ७ सप्टेंबर २०२३ रोजी ही बंदी स्थगित करण्यास नकार दिला तेव्हा विद्यार्थिनींच्या बोलण्याचा आधार घेतला होता. शाळेशी झालेल्या संवादात त्या जे बोलल्या त्यावरून हा वेश धार्मिक अस्मितेच्या भूमिकेतून घातला जातो असे दिसते, असा त्या निर्णयाचा आशय आहे. तर मग नेसणारीला विचारले नाही असे कसे म्हणता? विचारले खरे, पण कशासाठी? तिच्या उत्तराला पुराव्याचे स्थान मिळाले, युक्तिवादाचे नाही. 'हा नुसता झगा आहे' असे जी म्हणाली तिचे म्हणणे बंदीच्या आड आले नाही आणि 'हा माझ्या श्रद्धेचा भाग आहे' असे जी म्हणाली तिचे म्हणणे सर्वांविरुद्ध वापरले गेले. सतीच्या संदर्भात गायत्री चक्रवर्ती स्पिव्हाक यांनी १९८८ च्या निबंधात जी कोंडी दाखवली, ती येथे कागदोपत्री पुन्हा उभी राहिलेली दिसते.

'बुर्किनी' या शब्दाची कथा तर भाषेच्या अभ्यासकाने मुद्दाम सांगावी अशी आहे. लेबनॉनमध्ये जन्मलेल्या आणि सिडनीत वाढलेल्या आहेदा झानेत्ती यांनी हा पोहण्याचा पोशाख तयार केला आणि 'बुरखा' व 'बिकिनी' हे दोन शब्द सांधून त्याला विक्रीचे नाव दिले. या पोशाखात बुरखा नाही, कारण चेहरा पूर्ण उघडा असतो. बिकिनीही अर्थातच नाही. पाणबुड्याच्या पोशाखाहून तो फारसा निराळा नाही. पण नाव पडले आणि नावाने वस्तूला गिळले. २०१६ च्या उन्हाळ्यात कान, व्हिलनव्ह-लुबे आणि अशा तीसएक गावांच्या महापौरांनी समुद्रकिनाऱ्यावर जे वाचले ते कापड नव्हते. ती एका व्यापारी जोडशब्दाची पहिली दोन अक्षरे होती. शिवाय या मनाई-हुकुमांची भाषा पाहावी. 'बुर्किनी' हा शब्द त्यांत टाळलेला होता. सदाचाराचा आणि धर्मनिरपेक्षतेचा मान राखणारा उचित वेश नसेल त्यास स्नानास मनाई, असे त्यांचे स्वरूप होते. म्हणजे अंग झाकणाऱ्या स्त्रीला किनाऱ्यावरून हटवले ते सदाचाराच्या नावाने! शालीनतेच्या वेशावर बंदी घालण्यासाठी शासनालाही शालीनतेचाच आधार घ्यावा लागला.

मराठीत 'मॉडेस्ट' साठी आपण 'शालीन' वापरतो तेव्हा काय वापरतो याचीही जाणीव हवी. व्याकरणपरंपरा हा शब्द 'शाला' म्हणजे घर याच्याशी जोडते. शालीन म्हणजे धीट नव्हे ती, घराला शोभणारी. 'मर्यादशील' या पर्यायी शब्दात मर्यादा म्हणजे सीमा आहे. तेव्हा शालीन फॅशन ही शब्दयोजना मुळातच विसंवादी आहे; जिने घरात राहायचे ती येथे दुकानाच्या दर्शनी खिडकीत उभी केली जाते. हा विसंवाद बाजाराला अडचणीचा वाटत नाही, तो त्याचेच भांडवल करतो. परंतु ज्या स्त्रिया हे कपडे घालून शर्यतीत धावतात, पोहतात, कचेरीत जातात, त्यांनी 'शालीन' या शब्दाची शाला मोडली आहे की पाठीवर बांधून नेली आहे, हे वस्त्राकडे पाहून सांगता येत नाही. दोन्ही शक्य आहे. एकाच स्त्रीच्या बाबतीत सोमवारी एक आणि शुक्रवारी दुसरे, असेही शक्य आहे.

आता या वादातील मला सर्वांत गंभीर वाटणाऱ्या प्रसंगाकडे वळतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये देकातलाँ या फ्रेंच क्रीडासाहित्य कंपनीने धावताना घालण्याचा हिजाब फ्रान्समध्ये विकण्याचे ठरवले. मोरोक्कोत तो आधीच विकला जात होता. कायद्याने ही विक्री निषिद्ध नव्हती. आरोग्यमंत्री आन्येस ब्यूझें यांनीही तसे मान्य केले, आणि लगोलग, एखाद्या फ्रेंच कंपनीने त्याचा पुरस्कार करू नये असे आपल्याला वाटते, हेही सांगितले. सत्ताधारी पक्षाच्या प्रवक्त्या ओरोर बेर्जे यांनी ग्राहक या नात्याने बहिष्काराची भाषा केली. दुकानांतील कर्मचाऱ्यांना शिवीगाळ आणि धमक्या सुरू झाल्या. कंपनीने प्रथम ठामपणे आपली बाजू मांडली, आणि मग २६ फेब्रुवारी रोजी विक्रीचा बेत मागे घेतला.

२०१६ च्या आणि २०१९ च्या घटनांत जो फरक आहे त्याकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. २०१६ मध्ये महापौराचा हुकूम होता. हुकूम म्हटला की त्याला कारण द्यावे लागते, तो कागदावर असतो, त्याविरुद्ध दाद मागता येते. मानवी हक्क संघटनांनी ती मागितली आणि २६ ऑगस्ट २०१६ रोजी राज्य परिषदेने व्हिलनव्ह-लुबेचा हुकूम स्थगित केला. सार्वजनिक सुव्यवस्थेला धोका असल्याचे सिद्ध झालेले नाही, असे कारण दिले. २०१९ मध्ये हुकूमच नव्हता. मंत्र्यांनी बंदी घातली नाही, केवळ आवड-निवड सांगितली. कंपनीने हक्क नाकारला नाही, केवळ एक वस्तू बाजारात आणली नाही. धावू इच्छिणारी स्त्री आता कोणाकडे जाणार? नागरिक म्हणून तिचे काहीही हिरावलेले नाही. ग्राहक म्हणून तिला तक्रारीला जागा नाही, कारण न विकलेल्या वस्तूची पावती नसते. शासनाला जे कायद्याने करता आले नसते ते दुकानामार्फत झाले, आणि कोणालाही तिच्याशी एक शब्द बोलावा लागला नाही. मंत्री कंपनीशी बोलल्या, कंपनी प्रवक्त्यांशी बोलली, प्रवक्त्या मतदारांशी बोलल्या.

'मुस्लिम ग्राहक' या संज्ञेचे राजकीय कार्य हे आहे. ती मान्यता देते, पण परत घेता येण्याजोगी. तिचा लाभ मिळतो तोवर तो हक्कासारखा भासतो, आणि काढून घेतला जातो तेव्हा तो केवळ विक्रीधोरण ठरतो.

म्हणून आपल्याकडील दुसऱ्या, 'अद्ययावत' प्रतिक्रियेशी माझा मतभेद अधिक तीव्र आहे. पहिली प्रतिक्रिया निदान आपला अधिकार लपवत नाही. दुसरी, मुक्तीची भाषा बोलत, विक्रेत्याच्या गल्ल्यावर बसते. खरेदी म्हणजे प्रतिकार, ग्राहक म्हणजे सर्जक वाचक, निवड म्हणजे कर्तेपण, ही समीकरणे सांस्कृतिक अभ्यासांच्या नावाने इतकी पसरली आहेत की वाचककेंद्री समीक्षा आणि ग्राहक-सर्वेक्षण यांतील सीमारेषा पुसट झाली आहे. नायकेने २०१७ मध्ये खेळाडूंसाठी हिजाब जाहीर केला तेव्हा त्या जाहिरातीची भाषा आणि काही शोधनिबंधांची भाषा वेगळी करणे कठीण जावे, ही स्थिती जाहिरातीला भूषणावह असेल, शोधनिबंधांना नाही.

या मांडणीत सबा महमूद यांचा दाखला हमखास दिला जातो, आणि तो चुकीचा दिला जातो. कैरोतील मशिदींमध्ये धर्माध्ययन करणाऱ्या स्त्रियांवरील त्यांचा २००५ चा ग्रंथ 'मुस्लिम स्त्रीही प्रतिकार करते' असे सांगत नाही. त्यांचा आक्षेप नेमका या सवयीवर आहे. स्त्रीचे कर्तेपण प्रत्येक वेळी प्रतिकाराच्या मापाने मोजण्याचा उदारमतवादी हव्यास सोडा. नियमांचे पालन करून स्वतःला घडवणे हेही एक कर्तेपण असू शकते, ते तुम्हाला रुचो वा न रुचो, असे त्या म्हणतात. त्यांच्याशी वाद घालता येईल. मला स्वतःला त्यांची राजकीय तटस्थता पुरेशी वाटत नाही. पण त्यांना खरेदीच्या स्वातंत्र्याचे पुरस्कर्ते ठरवणे म्हणजे ज्या 'निवड' या संकल्पनेची त्यांनी चिकित्सा केली तिच्याच दारात त्यांना द्वारपाल म्हणून उभे करणे होय.

शिवाय या ग्राहकपूजनात एक स्त्री पूर्णपणे अदृश्य होते. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळील सावर येथे राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली आणि अकराशेहून अधिक माणसे मेली. बहुसंख्य स्त्रिया होत्या, युरोप-अमेरिकेतील दुकानांसाठी कपडे शिवणाऱ्या. आदल्या दिवशी भिंतींना भेगा दिसल्या होत्या आणि तरीही त्यांना कामावर बोलावले गेले. फॅशनच्या जगात मुस्लिम स्त्री २०१६ साली अवतरली हे म्हणणे म्हणूनच खोटे आहे. ती तेथे आधीपासून होती, यंत्रामागे होती. तिचे वस्त्र शालीन होते की नाही यावर कोणत्याही मंत्र्याने मुलाखत दिली नाही. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की त्याच फ्रान्सने मार्च २०१७ मध्ये मोठ्या कंपन्यांवर आपल्या पुरवठादारांकडील मानवी हक्कांच्या स्थितीवर लक्ष ठेवण्याची जबाबदारी टाकणारा कायदा केला, आणि राणा प्लाझाची दुर्घटना ही त्यामागची एक प्रेरणा होती. पण हा कायदा आणि शालीन फॅशनचा वाद एकाच देशात, एकाच काळात घडूनही परस्परांना भेटले नाहीत. एकीकडे शिवणारी, दुसरीकडे नेसणारी. दोघींचा विचार एका वाक्यात करणारी समीक्षा मला तरी विरळाच भेटली.

फ्रान्सचे हे वाचन नवे नाही. मे १९५८ मध्ये अल्जिअर्समध्ये फ्रेंच सत्तेच्या समर्थकांनी अल्जीरियन स्त्रियांच्या अंगावरील आच्छादने सार्वजनिक समारंभात उतरवून दाखवली. पुढच्याच वर्षी फ्रान्त्झ फॅनन यांनी त्याचे जे विश्लेषण केले त्यातील महत्त्वाचा भाग आपण बहुधा सोडून देतो. वसाहतवादी आच्छादन काढू पाहतो म्हणून ते प्रतिकाराचे चिन्ह झाले, एवढेच आपण सांगतो. पण फॅनन पुढे दाखवतात की लढ्याच्या गरजेनुसार स्त्रियांनी ते उतरवले, युरोपीय वेशात पोलिसांच्या नाक्यांवरून शस्त्रे नेली; मग संशय वाढला तेव्हा पुन्हा पांघरले आणि त्याखालून नेली. अर्थ वस्त्रात नव्हता, वापरात होता, आणि तो बदलत होता. (फॅनन यांनाही स्वतंत्र अल्जीरियात या स्त्रियांचे काय होईल याविषयी अनाठायी विश्वास होता. १९८४ च्या तेथील कुटुंबकायद्याने विवाहासाठी स्त्रीला पालकाची गरज ठेवली.)

हे सारे सक्तीकडे डोळेझाक करण्यासाठी आहे काय, असे विचारले जाईल. मुळीच नाही. इराणमध्ये १९३६ साली रझाशाहने पोलिसांकरवी स्त्रियांची आच्छादने उतरवली. १९८३ पासून त्याच देशात ती न घालणे हा शिक्षापात्र गुन्हा झाला. सप्टेंबर २०२२ मध्ये महसा अमिनी या बावीस वर्षांच्या युवतीचा वेशविषयक नियमांवरून झालेल्या अटकेनंतर मृत्यू झाला आणि रस्ते पेटले. शार्लव्हिलच्या मुलीचा वर्ग बुडाला, अमिनीचा प्राण गेला. या दोन गोष्टी समान मापाने तोलणारा माणूस लबाड किंवा निर्बुद्ध असला पाहिजे. पण परिणाम भिन्न असले तरी पोलिसाचे वाचन एकाच जातीचे आहे. डोक्यावरून घसरलेले चार बोटे वस्त्र तेहरानमध्ये वाचले जाते, घोट्यापर्यंत उतरलेले चार बोटे वस्त्र फ्रान्समध्ये. आणि तेहरानच्या रस्त्यावर वस्त्र जाळणारी स्त्री व अन्यत्र ते मागणारी स्त्री यांपैकी एकीला खरी आणि दुसरीला भ्रमित ठरवण्याचा अधिकार समीक्षकाला कोणी दिला?

आता आपल्या भाषेकडे येऊ, कारण परक्यांच्या वाचनाची चिकित्सा करताना आपल्या चष्म्याची काच तपासणे भाग आहे. मराठी समीक्षेचा एक लाडका वाक्प्रचार आहे : 'बुरखा फाडणे'. ढोंगाचा बुरखा, सभ्यतेचा बुरखा, पुरोगामित्वाचा बुरखा. टीकालेखनातील शौर्याचे प्रमाण आपण फाडलेल्या बुरख्यांवरून मोजतो. दुसरा लाडका शब्द 'पदर'. शब्दाला पदर असतात, कवितेत अर्थाचे अनेक पदर उलगडतात. हे विधान विरहित उत्तरपत्रिका माझ्या तपासण्यात अजून यायची आहे. दोन्ही वस्त्रेच. दोन्ही डोक्यावरून घेतली जातात. पण एकाने आपल्या समीक्षेला खोटेपणाची प्रतिमा दिली आणि दुसऱ्याने अर्थसमृद्धीची. एक फाडायचे असते, दुसरे उलगडायचे. ही विभागणी भाषेने सहजपणे केली असेल, पण ती निरागस नाही. जी समीक्षा पदर हा शब्द उच्चारताच बहुविधतेकडे जाते आणि बुरखा हा शब्द उच्चारताच ढोंगाकडे, ती फ्रान्सच्या मुख्याध्यापकाला कोणत्या तोंडाने हसणार?

शिवाय तो मुख्याध्यापक आता दूरही राहिलेला नाही. मुंबईतील चेंबूरच्या एका महाविद्यालयाने २०२४ मध्ये हिजाब, नकाब, बुरखा, टोपी यांना मनाई करणारा वेशनियम काढला. विद्यार्थ्यांचा धर्म प्रकट होऊ नये, हे समर्थन आताल यांच्या समर्थनाचे जुळे भावंड शोभावे असे होते. उच्च न्यायालयाने २६ जून रोजी विद्यार्थिनींची याचिका फेटाळली. ९ ऑगस्ट रोजी सर्वोच्च न्यायालयाने हिजाब आणि टोपी यांच्यापुरती त्या नियमाला अंतरिम स्थगिती दिली. सुनावणीत खंडपीठाने विचारले की विद्यार्थ्यांच्या नावांवरून धर्म कळत नाही काय, आणि कुंकू-टिळ्याचे काय. चिन्हमीमांसेच्या वर्गात विचारावा असा प्रश्न न्यायासनाने विचारला. त्या याचिकाकर्त्या विद्यार्थिनी कोणाच्या ग्राहक नव्हत्या. त्या नागरिक म्हणून गेल्या, म्हणून निदान प्रश्न विचारला गेला.

या संदर्भात १८ एप्रिल १९६६ ची आठवण द्यावी लागते. हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रिया तोंडी तलाकाविरुद्धचे निवेदन घेऊन मुंबईत सचिवालयावर गेल्या. सातच होत्या, पण त्यांचे बोलणे शासनाला उद्देशून होते आणि त्यात मागणी होती. मेहरुन्निसा दलवाई यांचे 'मी भरून पावले आहे' हे आत्मकथन १९९५ मध्ये आले. मुस्लिम स्त्रीच्या प्रतिमेवर आपल्या विद्यापीठांतून प्रबंध लिहिले जातात. त्यांत हे पुस्तक येते ते बहुधा हमीद दलवाईंच्या चरित्राचे साधन म्हणून. एक स्त्री मराठीत 'मी' म्हणून वाक्य सुरू करते तेव्हा त्या वाक्याचे काय होते, हे पाहण्यासाठी क्वचितच. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. त्यानंतरच्या काळात मुस्लिम स्त्रियांनी मराठीत कविता, कथा, आत्मपर लेखन केले, ते नियतकालिकांत विखुरलेले आहे आणि त्याची साधी सूचीही आपल्या विभागांपैकी किती जणांकडे आहे हे विभागप्रमुखांनीच सांगावे. फॅनन आणि बार्थ आपण वाचले ते चांगलेच झाले. पण अंगावरच्या वस्त्राविषयी नेसणारी काय म्हणते हे ज्याला जाणून घ्यायचे आहे त्याला पॅरिसला जाण्याची गरज नाही. तो मजकूर आपल्याच लिपीत छापलेला आहे आणि आपण तो अजून मागवलेला नाही.